विषय : नाव कमी करणेबाबत

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन गोष्टी उत्तम जमतात. एक म्हणजे मान वर न करता 'सर्व्हर डाऊन आहे' असं सांगणं, आणि दुसरी म्हणजे मयत खातेदाराच्या वारसांना कागदपत्रांची यादी एका दमात म्हणून दाखवणं. मृत्यू दाखला, मूळ प्रत आणि झेरॉक्स, वारसाचं आधार, पॅन, दोन फोटो, पासबुक, उरलेले चेक. ही यादी मी झोपेतही म्हणतो असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. समोर नाकाला पदर लावून उभी असलेली बाई असते, आणि मी आपला 'दोन फोटो, पासपोर्ट साइज' म्हणत असतो. मी वाईट माणूस नाही हो. पण काउंटरच्या आतल्या बाजूला बसलं की दुःखसुद्धा फॉर्म भरून यावं असं वाटू लागतं.

हे सगळं आधी सांगून टाकतो, कारण २०२४ साली मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो.

ते वर्ष आमच्या घराला निवडणुकांचं गेलं. तसं ते साऱ्या देशालाच निवडणुकांचं गेलं म्हणा, पण देशाला एक मोठी निवडणूक पुरली. आम्हाला मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा असे दोन हप्ते आले. महापालिकेचा हप्ता तेवढा थकीत राहिला. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. त्यामुळे २०२४ च्या संपूर्ण सालात आमच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. म्हणजे फलकांवर 'माजी' होते, 'भावी' तर चौकाचौकांत होते, फक्त 'आजी' नव्हते. ज्या गावच्या नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० रोजी, इंग्रजांचं राज्य असताना, तिरंगा चढवला गेला, आणि त्या उद्रेकापायी पुढच्या महिन्यात ज्या गावाने मार्शल लॉ सोसला, त्या गावात गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न पडावा याला काय म्हणायचं? चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून रोज स्कूटरवरून जाताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले. आणि मी काय करतो, तर मतदानाच्या सुट्टीला जोडून रजा मिळते का ते कॅलेंडरात बघतो.

पण मला मूळ गोष्ट सांगायची आहे ती अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिलमध्ये टाइमकीपर होते. ज्यांना सोलापूरचे भोंगे आठवतात त्यांना टाइमकीपर म्हणजे काय हे सांगायला नको. मिल बंद पडली, भोंगा थांबला, पण अण्णांच्या अंगातला भोंगा शेवटपर्यंत वाजत होता. मतदान सात वाजता सुरू होणार म्हणजे अण्णा पावणेसातला केंद्रावर. १९६७ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही, आणि प्रत्येक मतदानाची तारीख एका लांबट वहीत लिहिलेली. तारीख, केंद्र, किती वाजता मत दिलं एवढंच. कुणाला दिलं ते नाही. वहीतच काय, सत्तावन्न वर्षांत त्यांनी आईलाही सांगितलं नाही. आई कधी चिडून विचारायची, तर म्हणायचे, "गुप्त मतदान म्हणजे गुप्त." आईचा संशय असा, की हे तिच्या विरुद्ध मत देऊन तिचं मत दर वेळी वजा करतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. बी.कॉम.च्या माणसाला जगात दोनच बाजू दिसतात, नावे आणि जमा. मी एकदा त्यांना हिशेब घालून दाखवला होता. रांगेत चाळीस मिनिटं, ऊन, पेट्रोल ही झाली नावे. जमेला काय, तर अठरा-वीस लाख मतदारांत एक मत. तुमच्या मताने निकाल बदलण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणजे शहाण्या माणसाने घरी बसून पंख्याखाली आंबा खावा. हा शोध माझा नव्हे. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ सालीच हा पेच मांडून ठेवला आहे, की इतका तोट्याचा व्यवहार असून माणसं मत द्यायला जातात तरी का?

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिलमध्ये एक कामगार नाही आला म्हणून मिल थांबत नव्हती. पण हजेरी एकेकाचीच लावायला लागायची. सगळ्यांची मिळून एक हजेरी लावायची सोय त्या अमेरिकेत असली तर बघ."

यावर डाउन्ससाहेबांचं काय म्हणणं असतं ते मला माहीत नाही. मी आंबा खाल्ला.

२०२४ च्या मे महिन्यात मात्र अण्णांचं निवडणूक आयोगाशी थोडं बिनसलं. त्याचं असं झालं, की ऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरबसल्या मत देता येतं हे अण्णांनी पेपरात वाचून ठेवलं होतं. ऐंशीची वाट बघत होते म्हणा ना. आणि अण्णा ऐंशीचे झाले त्याच वर्षी मार्चमध्ये ती अट ८५ वर गेली. "पाच वर्षांचं एक्स्टेन्शन दिलंय मला सरकारनं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अर्थात घरबसल्या मत त्यांनी दिलंच नसतं. सोय नाकारायची तर ती आधी मिळायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

७ मे ला मी घरी नव्हतो. बँकवाल्यांना निवडणुकीचं काम लागतं. आदेश आला की शाखेत अचानक साथ पसरते. कुणाचा मणका सरकतो, कुणाची साखर वाढते, एकाच्या तर सासूबाई दर पाच वर्षांनी अत्यवस्थ होतात. माझ्याकडे काहीच दुखणं नसल्यामुळे मी मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेत मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणून रुजू झालो. क्रमांक दोन म्हणजे शाईवाला. नोंदवहीत सही घ्यायची, बोटाला शाई लावायची, चिठ्ठी द्यायची. प्रशिक्षणात सांगितलं होतं, 'डाव्या हाताची तर्जनी'. पहिल्याच आजींना मी म्हणालो, "आजी, तर्जनी." त्या म्हणाल्या, "आण्ली न्हाई रं बाबा, घरी र्‍हायली." त्यानंतर दिवसभर मी नुसतं 'बोट' म्हणालो.

ती शाई मोठी नामी चीज आहे. म्हैसूरच्या पेंट्स अँड व्हार्निश कारखान्यात होते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे, आणि त्यातलं सिल्व्हर नायट्रेट ऊन लागलं की काळं पडतं. कातडीवरची महिनाभरात जाते. नखावरची मात्र नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच. दिवसभरात मी पाच-सहाशे बोटं धरली असतील. कडब्याने चिरलेली, शेणाने रंगलेली, मेंदीची, दोन अर्धवट तुटलेली. बँकेत बावीस वर्षांत मी इतक्या लोकांचा हात हातात घेतला नव्हता. ड्यूटीचं प्रमाणपत्र होतं म्हणून माझं मतही तिथेच दिलं, आणि स्वतःच्या बोटाला स्वतःच शाई लावून घेतली.

इकडे अण्णांना कन्येने नेलं. परत आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, '७-५-२४, ७ वा. १० मि.' दहा मिनिटांचा उशीर कन्येमुळे झाला असा शेरा कंसात.

निकाल लागला. आमच्याकडची जागा ७४ हजारांहून अधिक मतांनी लागली, तेव्हा मी पुन्हा एकदा अण्णांकडे डाउन्ससाहेबांच्या वतीने बघितलं. तेवढ्यात कन्येने मोबाइलवरून बातमी वाचून दाखवली, की मुंबई उत्तर-पश्चिमला निकाल ४८ मतांनी लागला. फक्त ४८! आमच्या शाखेत सोमवारी पासबुक छापायच्या रांगेत याहून जास्त माणसं असतात. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त चष्मा पुसला.

जूनमध्ये कन्या अठरा वर्षांची झाली. आता नाव नोंदवायला वर्षात चार तारखा असतात, त्यातल्या १ जुलैला ती बसत होती. फॉर्म नंबर सहा. तो अण्णांनी तिच्याकडून भरून घेतला. मोबाइलवरच, पण शेजारी बसून, एकेक अक्षर तपासत. "नाव चुकलं की माणूस चुकतो," हे टाइमकीपरचं वचन. मी तेव्हा घरी उशिराच यायचो. 'लाडकी बहीण'चे दिवस होते. सगळ्या पूर्वभागातल्या विडी कामगार बाया आधार जोडायला बँकेत लोटलेल्या, दीड हजार रुपये खरंच येणार का म्हणून विचारायच्या. आले म्हटलं की हसायच्या, नाही म्हटलं की मीच खाल्ल्यासारखं बघायच्या.

अशाच एका दुपारी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, काउंटरवर फोन आला. अण्णा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. फार काही सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की आंघोळ घालताना त्यांचा डावा हात माझ्या हातात होता, आणि नखाच्या अगदी टोकाशी काळी बारीक रेघ उरली होती. मी शाईवाला. मला ती ओळखायला कितीसा वेळ लागणार?

मग सुरू झालं नाव कमी करणं. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, पेन्शन, वीज बिल. आणि बँक. आमच्याच शाखेत, माझ्याच काउंटरवर, मी आईला बसवून म्हणालो, "मृत्यू दाखला, मूळ प्रत आणि..." आणि तिथेच थांबलो. बाजूच्या टेबलावरच्या पोराने उरलेलं काम केलं. चांगला पोरगा आहे.

मतदार यादी कुणाच्या लक्षातच आली नाही. यादी पक्की झाली ऑगस्टअखेर, आणि आमचे तेरा दिवस संपले सप्टेंबरात. नोव्हेंबरात एक दिवस दाराच्या फटीतून एका पक्षाच्या चिठ्ठ्या आत सरकल्या. पाच चिठ्ठ्या. आई, मी, सौभाग्यवती, कन्या आणि अण्णा. आईने अण्णांची चिठ्ठी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली, आणि फोटोच्या चौकटीत खोचून ठेवली.

"ते नाव काढायला पाहिजे," मी म्हणालो.

"सगळीकडनं काढलंस की. एवढ्या एका यादीत राहू दे. कुणाला जड होतंय?"

खरंच, कुणाला जड होतं? मी त्या रात्री बराच वेळ याच्यावर विचार केला. यादी खरी असावी हे मला मान्य. पण ती खोटी असून नुकसान कुणाचं? मेलेला माणूस मत द्यायला येत नाही. कुणाचं काही घेत नाही. एका म्हातारीला तेवढंच बरं वाटतं. आता सांगा, नियम मोठा की आई? या प्रश्नाचं उत्तर सगळ्या पोथ्यांत सापडतं, फक्त प्रत्येक पोथीत वेगळं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले एक कार्यकर्ते आले. पक्ष सांगत नाही, कारण तुमचाही तोच असेल. हातात यादी आणि पेन्सिल. "पाच मतं ना घरात?"

"चार. अण्णा गेले ऑगस्टमध्ये."

त्यांनी हळहळ व्यक्त केली. खरीखुरी केली, अण्णांना ते ओळखत होते. मग यादीकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "पण साहेब, मत आहे की अजून. फुकट जाऊ द्यायचं का?"

मी त्यांना घालवून दिलं. ताठ मानेने घालवून दिलं असं लिहायला आवडलं असतं, पण मी हसून, विषय बदलून घालवलं. आणि नंतर मनात आलं ते कबूल करतो. गुन्ह्याचं राहू द्या. मला वाटलं, समजा कुणी अण्णांचं मत दिलंच, तर ते निदान अण्णांच्या मनासारखं तरी पडावं. आणि तिथे लक्षात आलं, की अण्णांच्या मनासारखं म्हणजे काय हे आम्हा कुणालाच माहीत नाही. बँकेतल्या खात्याला नॉमिनी असतो. लॉकरला असतो, विम्याला असतो. अण्णांनी सगळीकडे आईचं नाव घालून ठेवलेलं होतं. मताला तेवढा रकानाच नाही. सत्तावन्न वर्षं जपलेली ती एकच वस्तू ते बरोबर घेऊन गेले होते, आणि कुणीतरी परका मुलगा सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी जाऊन ती उचलणार होता. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराने तक्रार करावी, त्याला कागदी मतपत्रिकेवर 'प्रदत्त मत' देता येतं. पण तक्रार करायला अण्णा येणार नव्हते.

२० नोव्हेंबर. मला या खेपेला ड्यूटी नव्हती, पण नळाला पाणी होतं. आमच्याकडे पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, त्यामुळे पाणी आणि लोकशाही एकाच सकाळी आली तर आधी पिंप भरतं. तरी आम्ही सव्वासातला पोचलो. कन्या पुढे, मग आई, मग मी. सौभाग्यवती पिंपापाशी. कन्येचं नाव पुरवणी यादीत, अगदी शेवटी. मग आई. पहिल्या अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचलं, आईच्या फोटोवरून बोट फिरवलं, आणि शेजारच्या चौकटीवर आलं. तिथे अण्णा. कॉलर नीट, नजर घड्याळाकडे असल्यासारखी. तो मुलगा शिक्षक असावा. सहज, अगदी आदराने म्हणाला, "आजोबा यायचेत का?"

आई काही बोलली नाही. रांगेत मागे वीस माणसं. मी म्हणालो, "ते वारले. सत्तावीस ऑगस्टला. त्यांच्या नावावर कुणालाही मत देऊ देऊ नका." शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच गेलं. यादी घेऊन बसलेल्या साऱ्या पक्षांच्या प्रतिनिधींनी माना वर केल्या. अधिकाऱ्याने पेन्सिलने बारीक खूण केली. आईने शाई लावून घेतली, आत गेली, बटण दाबलं, चिठ्ठी दिसायची ती सात सेकंदं उभी राहिली आणि बाहेर आली.

रिक्षात म्हणाली, "बँकेत सांगतोस तसं सांगितलंस." बस्स. घरी येईपर्यंत पुढे एक शब्द नाही. घरी मी अण्णांच्या वहीत लिहिलं, '२०-११-२४, ७ वा. २५ मि., तिघे.' आणि पिंपाचा उशीर कंसात.

डिसेंबर उजाडला तो आमच्याच जिल्ह्यातल्या मारकडवाडीचं नाव घेऊन. माळशिरस तालुक्यातलं गाव. यंत्रातली आकडेवारी गावाला पटेना, म्हणून तिथल्या लोकांनी ठरवलं, की ३ डिसेंबरला आपणच कागदावर पुन्हा मतदान करून बघू. प्रशासनाने सांगितलं, की कायद्यात असं काही बसत नाही. जमावबंदी झाली, पोलीस आले, आणि बेत मागे घ्यावा लागला. देशभर चर्चा झाली. कोण बरोबर ते मी सांगणार नाही. बँकेच्या माणसाला यंत्र आणि खातेदार दोघांचीही बाजू घ्यावी लागते. पण संध्याकाळी पाच रुपयांचा ताळा लागला नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो, आणि खातेदार पासबुक दाखवा म्हणाला तर त्याला पोलिसांकडे पाठवत नाही, एवढं डोक्यात आल्यावाचून राहिलं नाही. आणि दुसरं म्हणजे, सुट्टी नसताना, कुणी सांगितलं नसताना, माणसं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहायला निघाली होती. अण्णांनी हे वहीत कुठल्या रकान्यात लिहिलं असतं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात मी फॉर्म नंबर सात काढला. नाव वगळण्याचा. कारणांत पहिलंच 'मृत्यू'. अर्जदार त्या यादीतला मतदार हवा. मी मोबाइल घेऊन बसलो, आणि तासभर बसूनच राहिलो. शेवटी कन्या म्हणाली, "द्या इकडे. सहा नंबर मी अण्णांजवळ बसून भरलाय, सात पण भरते." तिने भरला. एकेक अक्षर तपासून.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. हा भित्रेपणाच.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, आई नंदीध्वज बघून आलेली, आणि दारात बी.एल.ओ. बाई उभ्या. अंगणवाडीत काम करणाऱ्या, खांद्याला पिशवी, हातात यादी. "या नावाचे गृहस्थ इथे राहतात का? अर्ज आलाय, चौकशीला आले."

मी उठलो, पण आई आधी पोचली होती. तिने बाईंना आत बोलावलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला, आणि फोटोपुढे नेऊन उभं केलं. "हे. इथंच राहायचे." चौकटीत चिठ्ठी अजून होतीच. बाईंनी फोटो बघितला, चिठ्ठी बघितली, आणि काही न विचारता कागदावर खूण केली. मग यादी खाली बसून आईसमोर धरली. आईला वाचता येतं, पण बाई बोट ठेवून दाखवू लागल्या.

"आजी, हे नाव जाईल. पण हे बघा, इथं तुमचं. आणि खाली, पतीचे नाव. ते तसंच राहतं. आणि हे साहेबांचं, इथं वडिलांचे नाव. तेही राहतं."

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती. का, तर 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' याच्यापुढे आपलं नाव परक्या माणसाला सांगायला त्या तयार नव्हत्या. नवऱ्याच्या नावामागे बाई दिसेनाशी झाली. हे मी कुठे तरी वाचलेलं त्या वेळी नेमकं आठवलं, आणि सांगणार होतो, पण आई चष्मा शोधत होती.

तिने दोन्ही ओळी स्वतः वाचल्या. बोट लावून. "अक्षर बरोबर आहे," म्हणाली. मग बाईंना विचारलं, "आणि नातीचं? ती शेवटी कुठं तरी होती. आता नीट मध्ये घेतलीत का?"

बाई पान उलटू लागल्या. चहा आला.